वाय-फाय उपकरणांचे विलगीकरण

वाय-फाय उपकरणांचे विलगीकरण म्हणजे एकाच बिनतारी जाळ्याला जोडलेल्या उपकरणांना आंतरजालापर्यंत पोहोचू देणारी, परंतु परस्परांशी संपर्क साधू न देणारी व्यवस्था होय. राउटरच्या सेटिंगमध्ये ती 'एपी आयसोलेशन', 'क्लायंट आयसोलेशन', 'वायरलेस आयसोलेशन' किंवा 'स्टेशन आयसोलेशन' अशा निरनिराळ्या नावांनी आढळते. सिस्को कंपनीच्या एअरोनेट मालिकेतील उपकरणांत हीच सोय 'पब्लिक सिक्युअर पॅकेट फॉरवर्डिंग' या नावाने दिलेली होती. नावे अनेक असली तरी मूळ क्रिया एकच आहे : एका बिनतारी उपकरणाकडून आलेला संदेश दुसऱ्या बिनतारी उपकरणाच्या नावे असेल, तर ॲक्सेस पॉइंट तो पुढे पाठवत नाही.

ही व्यवस्था प्रथम उपाहारगृहे, विश्रामगृहे, ग्रंथालये अशा ठिकाणी उपयोगात आली, कारण तेथे एकमेकांस अनोळखी असणारी माणसे एकच जाळे वापरतात. घरातील जाळ्यावर तिची गरज पुढे निर्माण झाली. कॅमेरे, दूरचित्रवाणी संच, दिवे, घंटा आणि ध्वनिवर्धक घरच्या वाय-फायला जोडले जाऊ लागल्यावर, घरातल्याच उपकरणांवर किती विश्वास ठेवावा हा प्रश्न उभा राहिला.

एका जाळ्यातील वाहतूक

वाय-फाय हे आयईईई ८०२.११ या मानकावर आधारलेले आहे. घरगुती वापरात दोन उपकरणे सहसा एकमेकांशी हवेतून थेट बोलत नाहीत. दोघेही राउटरमधील ॲक्सेस पॉइंटशी बोलतात. भ्रमणध्वनीवरून शेजारच्या खोलीतील छपाईयंत्राकडे मजकूर पाठवला, तर तो आधी ॲक्सेस पॉइंटकडे जातो आणि तेथून पुन्हा हवेतून छपाईयंत्राकडे येतो. त्यामुळे अशा देवाणघेवाणीस हवेतील वेळ दुप्पट लागतो.

भ्रमणध्वनीकडून निघालेल्या प्रत्येक डेटा फ्रेमवर तीन पत्ते असतात : फ्रेम स्वीकारणाऱ्या ॲक्सेस पॉइंटचा, पाठवणाऱ्या उपकरणाचा आणि ज्याला ती अखेरीस पोहोचवायची आहे त्याचा. हे तिन्ही मॅक पत्ते असतात, आयपी पत्ते नव्हेत. ॲक्सेस पॉइंट तिसरा पत्ता वाचतो. तो आपल्यालाच जोडलेल्या एखाद्या उपकरणाचा असेल, तर पाठवणाऱ्याच्या किल्लीने फ्रेम उलगडून, घेणाऱ्याच्या किल्लीने ती पुन्हा कूटबद्ध करून हवेत सोडतो. हा सगळा व्यवहार राउटरच्या पुढच्या भागापर्यंत, म्हणजे जेथे फायरवॉलचे नियम लागू होतात तेथपर्यंत, पोहोचतच नाही. आंतरजालाकडून येणाऱ्या वाहतुकीवर कडक पहारा ठेवणारी फायरवॉल घरातल्या दोन उपकरणांमधील वाहतुकीबाबत अनभिज्ञ राहते ती यामुळेच.

विलगीकरण चालू केल्यावर बदल होतो तो याच ठिकाणी. तिसरा पत्ता दुसऱ्या बिनतारी उपकरणाचा निघाला, तर ॲक्सेस पॉइंट फ्रेम टाकून देतो. तो पत्ता राउटरचा असेल, तर ती पुढे जाते. लिनक्सवर चालणाऱ्या ॲक्सेस पॉइंटमध्ये वापरल्या जाणाऱ्या होस्टएपीडी या प्रणालीत यासाठी एकच ओळ पुरते, आणि ओपनडब्ल्यूआरटी या मुक्तस्रोत राउटर प्रणालीतही प्रत्येक बिनतारी जाळ्यासाठी तसाच एक पर्याय असतो.

सर्वांना उद्देशून पाठवलेल्या, म्हणजे ब्रॉडकास्ट स्वरूपाच्या फ्रेमलाही हाच न्याय लागतो. एखाद्या आयपी पत्त्याचे उपकरण कोणते हे शोधण्यासाठी संगणक 'हा पत्ता कोणाचा?' अशी हाक सर्वांना देतो. १९८२ साली निश्चित झालेल्या एआरपी या संकेताचे काम असे चालते. विलगीकरण असताना ही हाक राउटरला ऐकू जाते, पण इतर बिनतारी उपकरणांकडे परत प्रसारित होत नाही. परिणामी, शेजारचे उपकरण बंद आहे की विलग केलेले आहे, हे हाक देणाऱ्याला कळत नाही.

घरातील धोका

घरगुती जाळ्याची जुनी रचना वाड्यासारखी असते. दिंडीदरवाजा भक्कम, पण आत शिरलेल्याला सर्व खोल्या चौकातून मोकळ्या. राउटर बाहेरून आलेले अनाहूत संपर्क अडवतो. मात्र आत आलेले उपकरण कोणत्याही दुसऱ्या उपकरणाचे दार ठोठावू शकते. जाळ्याच्या आतील सर्व काही विश्वासार्ह आहे असे गृहीत धरून छपाईयंत्रे, साठवणयंत्रे आणि दूरचित्रवाणी संच बनवले गेले. त्यांपैकी अनेक आतून येणाऱ्या संपर्काला पासवर्डही विचारत नाहीत.

या गृहीतकाची किंमत मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रणालीने दाखवून दिली. विंडोजमधील फाइल-वाटपाच्या संकेतातील एका त्रुटीचा उपयोग करून ती एका संगणकावरून त्याच जाळ्यातील दुसऱ्या संगणकावर कोणीही काही न दाबता पसरत होती. मायक्रोसॉफ्टने त्या त्रुटीवरील दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच दिली होती, परंतु ज्यांनी ती बसवली नव्हती त्यांचे संगणक एकापाठोपाठ एक बाधित झाले. अशा आडव्या प्रसाराला विलगीकरण अडथळा ठरते : एक उपकरण बाधित झाले तरी त्याला शेजारी दिसत नाहीत.

२०१६ सालच्या मिराई प्रकरणाचा दाखला विलगीकरणाच्या समर्थनार्थ वारंवार दिला जातो, तो मात्र सावधपणे घ्यावा लागतो. मिराईने कॅमेरे आणि राउटर कारखान्यातून आलेल्या मूळ पासवर्डांच्या आधारे ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या कंपनीच्या नामसेवेवर मोठा हल्ला झाला. पण मिराई आंतरजालावरील पत्ते चाचपडत थेट बाहेरून आत येत होती. विलग केलेला कॅमेरासुद्धा बाहेरून उघडा असेल, तर तो बाधित होऊ शकतो आणि इतरांवरील हल्ल्यात सहभागीही होऊ शकतो, कारण आंतरजालाकडे जाण्याचा त्याचा मार्ग विलगीकरणानंतरही मोकळाच असतो. विलगीकरणाने रक्षण होते ते घरातील इतर उपकरणांचे; कॅमेऱ्याचे किंवा जगाचे नव्हे. कॅमेऱ्यासाठी पासवर्ड बदलणे, दुरुस्त्या बसवणे आणि राउटरमधील यूपीएनपी ही आपोआप दारे उघडणारी सोय बंद ठेवणे हेच उपाय आहेत.

तिसरा धोका ब्राउझरमार्फत येतो. एखादे दुष्ट संकेतस्थळ वाचकाच्या ब्राउझरलाच हाताशी धरून घरातील छपाईयंत्राला किंवा कॅमेऱ्याला विनंत्या पाठवू शकते. 'डीएनएस रिबाइंडिंग' हा त्यातील प्रसिद्ध प्रकार आहे. येथे हल्ला करणारे उपकरण बाधित नसते, फक्त फसवले गेलेले असते. संगणक आणि कॅमेरा परस्परांना दिसतच नसतील, तर हा मार्गही बंद होतो.

अतिथी जाळे

घरगुती राउटरमध्ये विलगीकरण बहुधा 'गेस्ट नेटवर्क' म्हणजे अतिथी जाळ्याच्या रूपाने भेटते. या दोन गोष्टी एक नाहीत, आणि त्यांतील गफलत हे अपेक्षाभंगाचे नेहमीचे कारण आहे. अतिथी जाळ्यात दुसरे नाव व दुसरा पासवर्ड असलेले वेगळे बिनतारी जाळे उभे राहते आणि त्याला मुख्य जाळ्यापासून तोडले जाते. उपकरण विलगीकरण एकाच जाळ्याच्या आतील सदस्यांना एकमेकांपासून तोडते. अतिथी जाळ्यातील दोन पाहुणे परस्परांना दिसू शकतील, पण यजमानाचा संगणक त्यांना दिसणार नाही, अशी मांडणी शक्य आहे. उलट मांडणीही शक्य आहे. म्हणूनच अनेक राउटरांमध्ये 'पाहुण्यांनी एकमेकांना पाहावे काय' आणि 'पाहुण्यांना घरच्या जाळ्यात प्रवेश असावा काय' असे दोन निराळे पर्याय दिलेले असतात.

नीट बांधलेल्या अतिथी जाळ्याला स्वतःचा आयपी पत्त्यांचा पल्ला असतो. मुख्य जाळे १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देत असेल, तर अतिथी जाळे १९२.१६८.२ ने सुरू होणारे देते. या दोन पल्ल्यांमधील वाहतूक आता राउटरच्या पुढच्या भागातूनच जाऊ शकते, आणि तेथे फायरवॉल तिला अडवते. एकाहून अधिक ॲक्सेस पॉइंट असल्यास हे दोन प्रवाह एकाच तारेतून निरनिराळे ठेवण्यासाठी व्हीलॅन, म्हणजे आभासी स्थानिक जाळे, वापरतात. आयईईई ८०२.१क्यू या मानकानुसार प्रत्येक फ्रेमला १२ बिटांचा क्रमांक जोडला जातो आणि त्यामुळे एका तारेवर ४०९४ पर्यंत वेगळी जाळी चालू शकतात. घराला दोन-तीन पुरतात : एक माणसांच्या संगणकांचे, एक वस्तूंचे आणि एक पाहुण्यांचे. वस्तूंच्या जाळ्यात त्याखेरीज उपकरण विलगीकरणही चालू ठेवता येते, म्हणजे दिवा कॅमेऱ्याकडे पाहू शकत नाही. काही ॲक्सेस पॉइंट एकाच नावाच्या जाळ्यावर प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र पासवर्ड देऊन त्या पासवर्डावरून व्हीलॅन ठरवतात; होस्टएपीडीमध्येही ही सोय आहे.

आयपी आवृत्ती ६ चा विसर येथे वारंवार पडतो. जाळ्यांमधील फायरवॉलचे नियम केवळ आवृत्ती ४ साठी लिहिले आणि दोन्ही जाळ्यांना आवृत्ती ६ चे पत्ते मिळत असले, तर दाराला कुलूप आणि खिडकी उघडी अशी स्थिती होते.

बंद पडणाऱ्या सोयी

विलगीकरण चालू केल्यावर घरात पहिली तक्रार येते ती बहुधा छपाईयंत्राची. भ्रमणध्वनीला छपाईयंत्र दिसत नाही, दूरचित्रवाणीवर चित्रफीत पाठवता येत नाही, ध्वनिवर्धक गाणे वाजवत नाही. यांपैकी काहीही बिघडलेले नसते. ही उपकरणे एकमेकांना शोधण्यासाठी ज्या हाकाऱ्यावर अवलंबून असतात, तोच थांबवलेला असतो.

हा शोध मुख्यतः दोन संकेतांनी चालतो. पहिला एमडीएनएस : 'डॉट लोकल' ने संपणारी नावे शोधण्यासाठी उपकरण २२४.०.०.२५१ या समूहपत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर विचारणा करते. ॲपलच्या उपकरणांतील बॉनजूर ही व्यवस्था त्यावरच आधारलेली आहे आणि क्रोमकास्टसारखी उपकरणेही त्याचाच उपयोग करतात. दुसरा एसएसडीपी : यूपीएनपी उपकरणे २३९.२५५.२५५.२५० या समूहपत्त्यावर, १९०० क्रमांकाच्या पोर्टवर आपली ओळख सांगतात. एमडीएनएसची विचारणा तर मुळातच एका उपजाळ्यापुरती मर्यादित असते. राउटर तिला पलीकडे नेत नाही. त्यामुळे विलगीकरण नसले, पण छपाईयंत्र वेगळ्या उपजाळ्यात असले, तरीही ते दिसेनासे होते.

यावर दोन प्रकारचे तोडगे आहेत. उपकरणे वेगळ्या जाळ्यांत ठेवून राउटरवर एमडीएनएसच्या विचारण्या एका जाळ्यातून दुसऱ्यात पोहोचवणारा परावर्तक चालवता येतो. लिनक्सवरील अवाही या प्रणालीत तो आहे. शोध लागला तरी प्रत्यक्ष संपर्कासाठी फायरवॉलमध्ये परवानगी द्यावी लागते, आणि ती एकाच दिशेने देण्यात शहाणपण असते : संगणकाने छपाईयंत्राशी बोलणे सुरू करावे, छपाईयंत्राने संगणकाशी नव्हे. फायरवॉल चालू असलेल्या संवादाची उत्तरे ओळखून परत येऊ देते, म्हणून छपाई अडत नाही. केवळ ॲक्सेस पॉइंटवरील विलगीकरणात मात्र अशी दिशा ठरवण्याची सोय नसते. तेथे सर्व किंवा काहीच नाही एवढेच दोन पर्याय असतात. दुसरा, अधिक साधा तोडगा म्हणजे छपाईयंत्र तारेने राउटरला जोडणे. अनेक राउटरांवर बिनतारी विलगीकरण केवळ बिनतारी उपकरणांपुरते असते, आणि तारेवरील छपाईयंत्र सर्वांना उपलब्ध राहते. काही राउटरांत मात्र हाच पर्याय तारेवरील उपकरणांकडे जाणारा मार्गही बंद करतो.

नवे उपकरण प्रथम बसवताना वेगळीच अडचण येते. दिवा किंवा स्विच सुरुवातीस स्वतःचे तात्पुरते वाय-फाय उभे करतो, भ्रमणध्वनीकडून घरच्या जाळ्याचा पासवर्ड घेतो आणि मग घरच्या जाळ्यात भ्रमणध्वनीला भेटण्याची अपेक्षा ठेवतो. विलगीकरण असल्यास ही भेट होत नाही आणि ॲप 'उपकरण सापडले नाही' असे सांगते. म्हणून उपकरण बसवेपर्यंत विलगीकरण बंद ठेवून नंतर ते चालू करण्याची पद्धत रूढ आहे. एकदा बसल्यावर अनेक दिवे व कॅमेरे उत्पादकाच्या दूरस्थ सेवेमार्फत आज्ञा घेतात, म्हणून विलगीकरणानंतरही चालत राहतात. पण मग त्याच खोलीतील दिवा लावण्याची आज्ञा आंतरजालाला वळसा घालून येते. जोडणी तुटली की दिवाही ऐकत नाही, आणि दिवा केव्हा लागला याची नोंद उत्पादकाकडे होते. शेजारच्या उपकरणांपासून मिळणारे संरक्षण असे दूरच्या कंपनीवरील अवलंबनाच्या मोबदल्यात घेतले जाते. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रकाशित झालेले मॅटर हे मानक याच्या उलट दिशेने जाते. त्यातील उपकरणे घरातल्या घरात, आयपी आवृत्ती ६ आणि एमडीएनएसच्या आधारे बोलतात, त्यामुळे कडक विलगीकरण असलेल्या जाळ्यात ती नीट चालत नाहीत.

मर्यादा

विलगीकरण हा ॲक्सेस पॉइंटचा नकार आहे. हवेला तो लागू होत नाही. ही मर्यादा ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांच्या फायरशीप या ब्राउझर-पुरवणीने सामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचवली. पासवर्ड नसलेल्या वाय-फायवर इतरांची सत्र-ओळख हवेतून टिपून तिच्या साहाय्याने त्यांच्या खात्यात शिरणे तिने एका टिचकीवर आणून ठेवले. ती कोणालाही काही पाठवत नव्हती, केवळ ऐकत होती. त्यामुळे विलगीकरण असूनही तिला अडवणे शक्य नव्हते.

पासवर्ड असलेल्या घरगुती जाळ्यातही ऐकण्याचा प्रश्न संपत नाही. डब्ल्यूपीए२ च्या सामाईक पासवर्डाच्या पद्धतीत प्रत्येक उपकरणाची किल्ली वेगळी असली, तरी ती ज्या घटकांपासून बनते त्यांपैकी पासवर्ड सर्वांना ठाऊक असतो आणि उरलेले घटक जोडणीच्या वेळी हवेतून उघडपणे जातात. ज्याला पासवर्ड माहीत आहे आणि ज्याने ती जोडणी टिपली आहे, तो शेजाऱ्याची वाहतूक उलगडू शकतो. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए३ मधील एसएई या पद्धतीने हे शक्य राहत नाही, आणि पासवर्ड नसलेल्या जाळ्यांसाठी ओडब्ल्यूई ही पद्धत तसेच संरक्षण देते. विलगीकरण आणि डब्ल्यूपीए३ ही एकमेकांची जागा घेणारी साधने नाहीत. पहिले बोलणे रोखते, दुसरे ऐकणे.

समूह-किल्लीची त्रुटी

याहून सूक्ष्म त्रुटी २०१० साली पुढे आली, आणि तिचा संबंध पुण्याशी आहे. एअरटाइट नेटवर्क्स या कंपनीचे संशोधन केंद्र पुण्यात होते. तेथील संशोधक मोहम्मद सोहेल अहमद यांनी लास वेगास येथील ब्लॅक हॅट व डेफ कॉन या परिषदांत 'होल १९६' नावाचा दोष मांडला. नावातील आकडा पृष्ठाचा आहे : ८०२.११ मानकाच्या १२३२ पानी २००७ च्या आवृत्तीत १९६ व्या पानाच्या तळाशी हा दोष सूचित करणारी ओळ होती.

डब्ल्यूपीए२ मध्ये प्रत्येक उपकरणाला दोन किल्ल्या मिळतात. एक त्याची स्वतःची, दुसरी सर्वांना सामाईक. सामाईक किल्ली ॲक्सेस पॉइंटने सर्वांना उद्देशून काही पाठवावे यासाठी असते; उपकरणांनी तिने केवळ उलगडावे अशी अपेक्षा असते. परंतु ज्या किल्लीने उलगडता येते तिनेच बंदही करता येते, आणि या किल्लीने आलेली फ्रेम खरोखर ॲक्सेस पॉइंटनेच पाठवली काय हे तपासण्याची तजवीज नव्हती. मानकातील ती ओळ हेच सांगत होती : पत्त्याची तोतयेगिरी ओळखण्याचा गुण उपकरणाच्या स्वतःच्या किल्लीत आहे, सामाईक किल्लीत नाही. जाळ्यात रीतसर प्रवेश असलेला कोणीही ॲक्सेस पॉइंटचा पत्ता घालून, सामाईक किल्लीने बंद केलेली फ्रेम थेट हवेत सोडू शकतो. शेजारचे उपकरण ती खरी मानते. खोट्या एआरपी उत्तराने 'राउटर मीच' असे त्याला पटवून दिले, की त्याची वाहतूक हल्लेखोराकडे वळते. या साऱ्या व्यवहारात ती फ्रेम ॲक्सेस पॉइंटच्या हातून जातच नाही, म्हणून विलगीकरणाला काही टाकून देण्याची संधी मिळत नाही. जो दोष मानकाने स्वतःच छापून ठेवला होता, त्याच्या परिणामांकडे फारसे लक्ष दिले गेले नव्हते.

यावरील एक उपाय सार्वजनिक वाय-फायच्या पासपॉइंट या योजनेत आहे. तेथे प्रत्येक उपकरणाला निराळी, यदृच्छेने निवडलेली समूह-किल्ली देता येते, म्हणजे सामाईक असे काही उरत नाही. त्यामुळे सर्वांना उद्देशून काही पाठवणेही मावळते. घरगुती राउटरमध्ये ही सोय सहसा नसते.

वळशाचे मार्ग

विलगीकरण मॅक पत्त्यावर चालते, आणि त्याला वळसा घालण्याचा एक सोपा मार्ग आयपी पत्त्याच्या पातळीवर आहे. हल्लेखोर फ्रेमवर राउटरचा मॅक पत्ता लिहितो, पण आतील पॅकेटवर शेजाऱ्याचा आयपी पत्ता घालतो. ॲक्सेस पॉइंटला फ्रेम राउटरसाठी दिसते, म्हणून तो जाऊ देतो. राउटर पॅकेट उघडून आयपी पत्ता वाचतो, तो आपल्याच जाळ्यातील असल्याचे पाहतो आणि पॅकेट इमानाने शेजाऱ्याकडे धाडतो. हे थांबवण्यासाठी राउटरच्या फायरवॉलमध्ये त्याच जाळ्यातून आलेले आणि त्याच जाळ्याकडे जाणारे पॅकेट नाकारण्याचा वेगळा नियम असावा लागतो.

दुसरा वळसा राउटरच्या दोन पट्ट्यांतून जातो. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे पट्टे एकाच नावाने चालले, तरी आतून ते दोन स्वतंत्र संच असतात. प्रत्येक संचाने आपल्या सदस्यांना विलग ठेवले, तरी एका पट्ट्यावरील भ्रमणध्वनी राउटरच्या अंतर्गत पुलावरून दुसऱ्या पट्ट्यावरील कॅमेऱ्याकडे जाऊ शकतो, कारण तो पूल दोन्ही संचांना जोडतो. एकाहून अधिक ॲक्सेस पॉइंट असलेल्या घरात तारेमार्फत हेच घडते. लिनक्समध्ये पुलाच्या मुखांनाच परस्परांपासून विलग करण्याची सोय २०१८ पासून आहे; तारेच्या जाळ्यात असे काम 'प्रायव्हेट व्हीलॅन' करते. घरगुती उत्पादनात या बाबींची काळजी घेतली आहे काय, हे पुस्तिकेवरून क्वचितच कळते.

उपकरणांनी ॲक्सेस पॉइंटला बाजूस ठेवून थेट बोलण्याचे मार्गही आहेत. टीडीएलएस या पद्धतीत दोन उपकरणे त्याच जाळ्यात राहून थेट दुवा जोडतात. ॲक्सेस पॉइंट तिला मनाई असल्याचे घोषित करू शकतो, पण ती मनाई पाळणे उपकरणांच्या हाती असते. वाय-फाय डायरेक्ट हा तर पूर्णपणे निराळा संपर्क आहे.

२०२३ मध्ये डोमियन शेपर्स, आंजन रंगनाथन आणि मॅथी व्हानहूफ यांनी युझेनिक्स सुरक्षा परिषदेत मांडलेल्या संशोधनाने विलगीकरणाची आणखी एक बाजू उघडी केली. हल्लेखोर, ज्याच्याकडे जाळ्याचा स्वतःचा वैध प्रवेश आहे, शेजाऱ्याने एखाद्या सर्व्हरकडे विनंती पाठवण्याची वाट पाहतो. मग शेजाऱ्याची जोडणी तोडून, त्याचाच मॅक पत्ता धारण करून, स्वतःच्या पासवर्डाने जाळ्यात शिरतो. सर्व्हरचे उत्तर आल्यावर ॲक्सेस पॉइंट पत्ता पाहून ते हल्लेखोराला, त्याच्याच किल्लीने बंद करून देतो. येथे कोणत्याही उपकरणाने दुसऱ्याला काही पाठवलेले नसते, त्यामुळे विलगीकरणाचा नियम मोडलेला नसतो आणि तरीही गुपित फुटते. उत्तर एचटीटीपीएसने संरक्षित असेल तर हल्लेखोराच्या हाती मजकूर लागत नाही, कोणत्या सर्व्हरशी बोलणे चालले होते एवढेच लागते. या हल्ल्याची चाचणी घेण्यासाठी संशोधकांनी मॅकस्टीलर हे साधन खुले केले. पाहुणे वेगळ्या व्हीलॅनमध्ये असतील, तर मुख्य जाळ्यातील उपकरणाचा पत्ता चोरून त्यांना काही मिळत नाही. या दृष्टीने वेगळे जाळे हे एकाच जाळ्यातील विलगीकरणाहून बळकट ठरते.

हे सर्व राउटर शाबूत असल्याच्या भरवशावर आहे. मे २०१८ मध्ये सिस्कोच्या टॅलॉस या सुरक्षा विभागाने उघड केलेल्या व्हीपीएनफिल्टर या घातक प्रणालीने किमान ५४ देशांतील सुमारे ५ लाख उपकरणे, मुख्यतः घरगुती व लहान कार्यालयांतील राउटर, ताब्यात घेतली होती. ज्या यंत्राने नकार द्यायचा तेच परक्याच्या हाती गेल्यावर विलगीकरणाला अर्थ उरत नाही.

पडताळणी

विलगीकरण चालू असल्याचे राउटरच्या पटावर दिसणे आणि ते प्रत्यक्षात घडणे यांत फरक असू शकतो, म्हणून दोन उपकरणांनिशी चाचणी घेतली जाते. एका उपकरणावरून दुसऱ्याला 'पिंग' ही हाक देणे ही नेहमीची रीत होय. मात्र उत्तर न येणे हा विलगीकरणाचा पुरावा नव्हे. अनेक संगणकांची स्वतःची फायरवॉल पिंगला उत्तर देत नाही. त्यामुळे आधी विलगीकरण बंद ठेवून उत्तर येते हे पाहावे लागते, मग ते चालू करून पुन्हा पाहावे लागते. छपाईयंत्राचे किंवा कॅमेऱ्याचे स्वतःचे संकेतपान ब्राउझरमध्ये उघडून पाहणे हा अधिक खात्रीचा मार्ग आहे, कारण ते पान सर्वसाधारण स्थितीत नक्की उघडते.

चाचणी एकाच पट्ट्यावर घेऊन थांबल्यास फसगत होते. दोन्ही उपकरणे ५ गिगाहर्ट्झवर, मग एक २.४ आणि एक ५ गिगाहर्ट्झवर, मग एक तारेवर आणि एक बिनतारी, तसेच एक अतिथी जाळ्यात आणि एक मुख्य जाळ्यात, अशा जोड्या तपासल्या जातात. अतिथी जाळ्यातून राउटरचे व्यवस्थापन-पान उघडते काय, हेही त्याच वेळी पाहिले जाते. काही राउटरांत इतर सर्व दारे बंद असताना हे एक उघडे राहिलेले असते. राउटरची प्रणाली अद्ययावत केल्यावर किंवा तो मूळ स्थितीत आणल्यावर ही सेटिंगे पूर्ववत होण्याची शक्यता असते, त्यामुळे त्यानंतर पडताळणी पुन्हा करावी लागते.

प्रत्येक उपकरणाने स्वतःला कोणत्या संपर्कांची गरज आहे हे जाळ्याला आपणहून सांगावे आणि जाळ्याने तेवढ्यालाच वाट द्यावी, अशी एक योजना मार्च २०१९ मध्ये आरएफसी ८५२० या दस्तऐवजात मांडली गेली आहे. तीनुसार दिव्याला उत्पादकाच्या सर्व्हरखेरीज कोणाशीही बोलता येणार नाही, आणि छपाईयंत्र संगणकांना दिसत राहील. ती अमलात येण्यासाठी उत्पादकांनी असे निवेदन देणे आणि घरगुती राउटरांनी ते वाचणे, दोन्ही आवश्यक आहे.